पंपाच्या बटणावरचा हात

मामांची परीक्षा भाचीनं घ्यायची, हे ज्यानं कुणी ठरवलं त्याला त्या शुक्रवारी दोघांच्या मधे नेऊन बसवायला हवं होतं. पण त्या विमानात पुढे दोनच खुर्च्या, आणि ठरवणारी माणसं कागदापाशी बसतात.

नियम तसा साधा होता. फ्लाइंग क्लबानं नवं विमान घेतलं. त्यावर शिकवायचं असेल, तर आधी ते नीट चालवता येतं अशी सही हवी. सही करायचा अधिकार अख्ख्या विमानतळावर एकाच व्यक्तीला होता, कारण नव्या विमानाचा दोन आठवड्यांचा कोर्स तिनं एकटीनंच केला होता. ती म्हणजे मामांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. मामांना तिथे सेक्रेटरीपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळेच मामा म्हणायचे, पण खरी भाची एकच, म्हणून तिचं नाव पडलं भाचीबाई. वय अडतीस, स्वतः आठ वर्षं शिकवतेय, तरी भाचीबाईच.

आणि सही झाली नाही तर? जुनं विमान महिनाअखेरीस विकलं जाणार होतं. त्यानंतर मामांना शिकवायला विमानच उरणार नव्हतं. पस्तीस वर्षं माणसांना उडवलेला माणूस घरी खिडकीशी बसून राहणार, हे भाचीबाईला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

मामा ही काय चीज आहे ते सांगायचं, तर पंपापासून सुरुवात करावी लागते.

जुन्या विमानाला सगळे 'म्हातारी' म्हणत. तिचे पंख खाली, इंजिन वर, आणि इंधनाच्या टाक्या पंखांत. म्हणजे पाणी तळमजल्यावर आणि नळ पहिल्या मजल्यावर. इंधन वर चढवायला पंप लागतोच. एक पंप इंजिन स्वतःच फिरवतं. तो मधेच बसला तर पंचाईत नको, म्हणून जोडीला विजेचा दुसरा. बटण वर केलं की टकटक करत कामाला लागतो. उडताना, उतरताना आणि एका टाकीवरून दुसरीवर जाताना हा दुसरा पंप चालू ठेवायचा. जमीन जवळ असताना इंजिनाच्या घशाला कोरड पडता कामा नये, एवढंच त्यातलं शास्त्र. पुस्तकात ते चार ओळींत लिहिलेलं असतं.

मामांनी मात्र त्या चार ओळींवर हयात घालवली. उडून हजार फुटांवर गेलं की विजेचा पंप बंद करतात. इतर लोक बटण खाली पाडतात आणि पुढच्या कामाला लागतात. मामांच्या विद्यार्थ्याला ती मुभा नव्हती. बटण खाली, पण बोट बटणावरच. डोळे इंधनाच्या दाबाच्या काट्यावर. मग मोठ्यानं एक ते दहा. दहा झाल्याशिवाय हात काढायचा नाही. शेजारी कुणी बडा अधिकारी असो, की हौसेनं शिकायला आलेले दातांचे डॉक्टर असोत, सगळे शहाण्या मुलासारखे मोजायचे.

"दहाच का हो मामा? पाच मोजले तर काय बिघडलं?" हे दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. मामा मग त्याला हँगरमध्ये न्यायचे आणि टेबलावर उघडून ठेवलेला जुना कार्ब्युरेटर दाखवायचे.

"ही वाटी बघ. पंप मेला तरी हिच्यात घोटभर इंधन शिल्लक असतं. तेवढ्यावर इंजिन काही सेकंद मजेत चालतं. तू तीन मोजून हात काढलास, रेडिओवर गप्पा मारायला लागलास आणि मग ते बंद पडलं, तर घाबरगुंडीत तुला बापजन्मी सुचायचं नाही की मघाशी आपण काय बंद केलं. आवाज उशिरा कळवतो, काटा आधी कळवतो. आणि बोट तिथेच असलं तर सुचायचीही गरज पडत नाही. कळलं?"

पस्तीस वर्षांत असं दोनदा झालं. एकदा सातव्या आकड्याला काटा खाली आला, एकदा चौथ्याच. दोन्ही वेळा बटण जागच्या जागी परत वर गेलं आणि विमान काही घडलंच नाही अशा थाटात खाली आलं. चौथ्या आकड्याला काटा पडलेली विद्यार्थिनी आता मोठी विमानं चालवते. ती दरवर्षी मामांना एक कार्ड पाठवते, त्यावर फक्त 'दहा' एवढंच लिहिलेलं असतं. मामा ते कार्ड कुणाला दाखवत नाहीत. ते टेबलाच्या खणात कुठे आहे हे मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

खुद्द भाचीबाईचं काय झालं होतं? एकोणीस वर्षांची असताना तिचं पहिलं एकटीचं उड्डाण ठरलं. आईनं नवा शर्ट शिवून घेतला होता. आदल्या दिवशी मामा शेजारी बसले, आणि त्या दिवशी हिनं चार मोजून हात काढला. मामांनी खाली आल्यावर तिच्या लॉगबुकात शेरा लिहिला: 'आज नाही. पंप बंद केल्यावर हात चारला काढला.' झालं! पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. आईनं आपल्या धाकट्या भावाला फोनवर फैलावर घेतलं. "मेल्या, सख्खी भाची ना तुझी? सहा आकड्यांसाठी तिला रडवतोस?" मामा म्हणाले, "ताई, सख्खी आहे म्हणूनच." त्यानंतर आईनं महिनाभर अबोला धरला आणि मामांनी भाचीला बारा दिवस थांबवलं. बारा दिवस ती रोज बंद विमानात बसून बटणावर बोट ठेवून दहा मोजत होती. आजही दिवा मालवला की तिचं बोट क्षणभर बटणावर राहतं.

आता हे नवं विमान. पंख त्याचेही खालीच, पण इंजिनाचा कारभार निराळा. वाटीबिटी काही नाही, इंधन थेट सिलिंडरच्या तोंडाशी फवारलं जातं, आणि इंजिनाचा स्वतःचा पंप चांगला दणकट. विजेचा पंप इथेही आहे, पण त्याच्या बटणाला दोन पायऱ्या. मधली मंद, वरची पूर्ण जोराची. पूर्ण जोर कधी लावायचा? इंजिनाचा पंप मेला तरच. तो जिवंत असताना लावला, तर जेवत्या माणसाच्या तोंडात दुसऱ्यानंही घास कोंबावा तसं होतं. इंजिनाला ठसका लागतो आणि ते बंद पडतं. थोडक्यात, म्हातारीवर उतरताना जे केलंच पाहिजे, ते नवीवर उतरताना मुळीच करायचं नाही. त्यात कहर म्हणजे बटणाची जागा तीच, इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलच्या दांड्याखाली, चार बोटांवर.

शुक्रवारी सकाळी भाचीबाईनं ऑफिसात बसून तोंडी प्रश्न विचारले. विमानतळावर ती मामांना अहो-जाहो करायची, घरी अरे-तुरे.

"पूर्ण जोराचा पंप कधी लावाल?"

"इंजिनाचा पंप मेला तर. एरवी त्याच्याकडे बघायचंही नाही."

"उतरताना?"

"उतरताना पंप बंद." मामांनी पुस्तक पुढे सरकवलं. त्या पानावर पेन्सिलीनं तीनदा रेघ मारलेली होती. "आणखी विचारा बाई. मी अभ्यास करून आलोय."

तिला हसू आलं. त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी ते जाडजूड पुस्तक दोनदा वाचून काढलं होतं, आणि समासात बारीक अक्षरात शंका लिहिल्या होत्या. त्यातल्या दोन शंका कोर्समध्ये शिकवणाऱ्यालाही पडल्या नव्हत्या.

आणि मग मामांनी ते विमान असं उडवलं, की काय सांगावं! पहिल्यांदाच हातात घेतलेलं, पण वळण घेताना तोल दाखवणाऱ्या नळीतली गोळी जागची हलली नाही. आडवा वारा होता, तरी पहिल्या दोन वेळा चाकं कधी टेकली ते कळलंसुद्धा नाही. दोन्ही वेळा खाली येताना भाचीबाईनं त्यांच्या हातावर नजर ठेवली होती, आणि हात थ्रॉटलवरून हलला नव्हता. ती मनातल्या मनात सही करून मोकळी झाली होती. आता तिसरी वेळ, मग चहा.

तिसऱ्या वेळी पाचशे फुटांवर होते. पुढचं विमान धावपट्टीवरून बाहेर पडायला वेळ लावत होतं, म्हणून ती तिकडे बघत होती. वाऱ्याचा एक झोत आला, डावा पंख उचलला गेला. मामांनी तो अलगद सरळ केला. सगळं लक्ष वाऱ्याकडे, तोंडानं पुढच्या वैमानिकाला "चल रे बाबा, चल" चाललेलं, आणि हात मात्र पस्तीस वर्षांच्या वळणानं आपणहून चार बोटं खाली गेला नि बटण थेट वर. म्हातारीवर उतरताना जातो तसाच.

इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

पुढचा पंखा वाऱ्यावर फिरत होता, पण त्यात जीव नव्हता. खाली झाडं आणि एका गोदामाचं छप्पर, धावपट्टी अजून लांब. मामा क्षणभरही दचकले नाहीत. दचकले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नाक खाली केलं आणि शांतपणे म्हणाले, "पंप चालू आहे. टाकी बदलतो." त्यांचा हात टाकीच्या खटक्याकडे निघालासुद्धा. म्हातारीवर हेच बरोबर होतं. इथे नव्हतं.

"मामा, हात काढ!"

आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांना हुकूम सोडला होता. मामांचा हात जागच्या जागी थबकला आणि मांडीवर आला.  भाचीबाईनं बटण खाली पाडलं, मिक्स्चरचा दांडा थोडा मागे ओढून इंजिनाच्या तोंडात कोंबलेलं इंधन कमी केलं आणि थ्रॉटल पुढे केला. एक. दोन. तीन ओठांवर आलं. तेवढ्यात इंजिनानं काळा धूर ओकला, दोन आचके दिले आणि धडाडून सुरू झालं. छप्पर पोटाखालून गेलं. विमान धावपट्टीवर टेकलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

हँगरपाशी मिस्त्री हात पुसत उभा होता. तो या दोघांच्याही आधीपासून तिथला मेकॅनिक. एका कानानं कमी ऐकतो, पण इंजिनाच्या बाबतीत दोन्ही कान शाबूत.

"धूर काढलात," तो म्हणाला. "कुणी काढला?"

 मिस्त्रीनं एकदा मामांकडे, एकदा भाचीबाईकडे बघितलं आणि चहा सांगायला निघून गेला.

ऑफिसात कागद तयारच होता. सेक्रेटरी पेनचं टोपण काढून बसले होते. "घ्या भाचीबाई, करून टाका. मामांच्या बाबतीत काय बघायचंय! सोमवारपासून त्यांच्याकडे सहा विद्यार्थी लावलेत मी."

भाचीबाईनं पेन हातात घेतलं. खरं काय घडलं ते तिला आणि मामांनाच ठाऊक होतं. मनात काय काय येऊन गेलं म्हणता! एकदाच तर झालं. पुन्हा होणार नाही. बाकीचं उड्डाण इतकं देखणं केलं, की आपल्याला दहा वर्षांनीही जमणार नाही. या माणसानं आपल्याला बोट धरून उडायला शिकवलं, त्याचं बोट आपण सोडवायचं? आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, अगं, ही चूक विसराळूपणाची असती तर एक वेळ सोडली असती. ही आठवणीनं झालेली चूक आहे, पुन्हा होईल. त्या वेळी शेजारी तू नसशील, सहा तास उडलेला एखादा विद्यार्थी असेल. तो 'मामा, हात काढ' म्हणेल का? मामांना? तो तर मामा करतायत म्हणजे बरोबरच असणार, असं समजून बघत बसेल.

तिनं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'आज नाही.'

सेक्रेटरींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अहो, काय हे? घरचं भांडण आहे का काही?"

मामांनी कागद ओढून घेतला, चष्मा लावला आणि ते दोन शब्द वाचले. भाचीबाईची मान वर होईना.

"हे अर्धवट आहे," मामा म्हणाले. "नुसतं 'आज नाही' म्हणून चालत नाही. कारण लिही. मी तुझ्या वेळी लिहिलं होतं."

तिनं लिहिलं: 'उतरताना विजेचा पंप पूर्ण जोरावर लावला. जुन्या सवयीनं. इंजिन बंद पडलं.'

"आणि पुढचं? टाकीकडे हात गेला होता, ते कोण लिहिणार? ती दुसरी चूक. पहिलीपेक्षा वाईट."

तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी कागदावर पडलं. मामांनी रुमाल दिला तो तिला नाही, कागद टिपायला. "शाई पसरेल," म्हणाले. तिनं तेही लिहिलं. सेक्रेटरींनी पेनचं टोपण मुकाट्यानं लावलं, आणि सहा विद्यार्थ्यांची यादी खणात गेली.

दाराशी मामा वळले. "किती दिवस?"

"मामा, मी काय सांगू..."

"तुला बारा दिवस थांबवलं होतं. मला कमी नकोत." आणि गेले.

घरी वेगळंच रामायण. आईला बातमी आधीच पोचली होती. "माझ्या भावाला नापास करतेस? ज्यानं तुला हाताला धरून वर नेलं त्याला?" पस्तीस मिनिटं ऐकून घेतल्यावर भाचीबाई एवढंच म्हणाली, "आई, सख्खा आहे म्हणूनच." आईला ते वाक्य ओळखीचं वाटलं असावं. ती आणखीच भडकली, आणि त्या क्षणापासून तिनं मुलीशी बोलणं टाकलं. जेवायचं ताट समोर आदळायचं, पण तोंडातून चकार शब्द नाही.

दुसऱ्या दिवशीपासून मामा रोज सकाळी सात वाजता नवीत जाऊन बसायला लागले. इंजिन बंद, दारं उघडी. डोळे मिटून ते उतरण्याचा सगळा क्रम म्हणायचे, हात थ्रॉटलवर ठेवायचे आणि दहा मोजायचे. हात हलायचा. पहिल्या दिवशी तर दर वेळी हलला. मिस्त्रीला राहवेना. तो छोटं पत्र्याचं झाकण घेऊन आला.

"बटणावर बसवून देतो. मधे आलं की हात अडेल."

"दुसऱ्या विमानावर झाकण नसेल रे," मामा म्हणाले. "बटणाला काय झालंय? बिघाड हातात आहे."

भाचीबाई लांबून बघायची. इतकी वर्षं ती या माणसाला मानत आली होती, पण हे काही वेगळंच होतं. ज्याच्यापुढे सगळे माना तुकवतात, तो माणूस सगळ्यांदेखत बंद विमानात बसून नवशिक्यासारखा आपल्याच हाताला 'थांब' म्हणतोय, आणि त्याला त्याची काडीचीही लाज नाही. तिचा ऊर भरून यायचा. मग ती उगाचच मिस्त्रीवर खेकसायची.

बुधवारी तर कमाल झाली. वर्गात चौदा विद्यार्थी होते, भाचीबाई शिकवत होती. मामा दार ढकलून आत आले आणि म्हणाले, "दहा मिनिटं द्या बाई." फळ्यावर त्यांनी दोन बटणं काढली, एक म्हातारीचं, एक नवीचं, आणि घडलं ते सगळं सांगितलं. पाचशे फूट, वाऱ्याचा झोत, हात, खोकला, टाकी. काहीही वगळलं नाही.

"मी तुम्हाला सवय लावायला शिकवतो," ते म्हणाले, "आणि चांगलं तेच शिकवतो. पण विमान बदललं की तीच सवय आधी तपासायची, हे शिकवायचं राहून गेलं होतं. ते मला भाचीबाईंनी शिकवलं. विचारा काय विचारायचं ते."

मागच्या बाकावरच्या दातांच्या डॉक्टरांनी भीत भीत विचारलं, "मामा, तुम्हाला भीती वाटली?"

"तेव्हा नाही. मला वाटत होतं मी बरोबर करतोय. घरी गेल्यावर पायजम्याची नाडी बांधता येईना, इतके हात कापत होते."

वर्ग हसला.

तेराव्या दिवशी दोघं पुन्हा वर गेले. या वेळी भाचीबाईनं दयामाया दाखवली नाही. पहिल्याच उतरणीला बरोबर पाचशे फुटांवर तिनं मुद्दाम विचारलं, "मामा, आई काल काय म्हणत होती?" मामा उत्तर द्यायला लागले, आणि त्यांचा हात थ्रॉटलवरून बोटभर वर उचलला गेला.  हात हवेत थांबला आणि परत जागेवर बसला.

"आला होता," मामा म्हणाले. "परत पाठवला. लिहून ठेव."

तिनं लिहून ठेवलं आणि आणखी दहा वेळा उतरवायला लावलं. रेडिओवर बडबड केली, नकाशा खाली पाडला, इंजिनाचा पंप मेल्याचं खोटं खोटं सोंगही एकदा केलं. तेव्हा मात्र मामांनी बरोबर बटणाला बोट लावलं आणि म्हणाले, "आता पूर्ण जोर लागला असता." दुसऱ्या उतरणीला हात पुन्हा एकदा उचलला गेला. पुढच्या नऊ वेळा तो दगडासारखा थ्रॉटलवर होता.

खाली आल्यावर तिनं सही केली. मामांनी ती उजेडाकडे धरून तारखेसकट वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. सेक्रेटरींनी सहा जणांची यादी खणातून बाहेर काढली. मिस्त्रीनं झाकण भंगारात टाकलं. भाचीबाईला वाटलं, चला, सुटलो.

महिनाअखेरीस म्हातारीला नव्या मालकाकडे पोचवायचं होतं. चाळीस मिनिटांची वाट, छोटंसं गवताळ मैदान. भाचीबाई डावीकडे, मामा उजवीकडे.  इतकी वर्षं जिच्यात बसलो ती उद्या दिसणार नाही, हे दोघांच्याही मनात होतं. मैदान दिसलं. मालक खाली हात हलवत होता. भाचीबाईनं सुरेख वळण घेतलं, थ्रॉटल कमी केला, हात त्यावर घट्ट ठेवला. महिनाभर नवीवर रोज पाच-पाच तास शिकवलेला तो हात. सातशे फूट. सहाशे. पाचशे.

मामा खिडकीबाहेर बघत अगदी सहज म्हणाले, "फार शांत वाटतंय नाही?"

तिनं कान दिला. खरंच शांत होतं. नेहमीची टकटक नव्हती. तिनं खाली बघितलं. पंपाचं बटण खालीच!

 तिनं बटण वर केलं, टकटक सुरू झाली. इंजिनाला काही कळलंसुद्धा नव्हतं, म्हातारी आपली बिनघोर गवतावर टेकली. पण भाचीबाईचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. जो पंप लावायला ती एकोणीस वर्षं कधी विसरली नव्हती, तो तिच्या हातानं एका महिन्यात सोडून दिला होता, आणि तिला पत्ताही लागला नव्हता.

विमान थांबलं. मामांनी हात पुढे केला. "तुझं लॉगबुक दे."

तिनं दिलं. मामांनी चष्मा लावला आणि लिहिलं: 'आज नाही. उतरताना पंप लावला नाही. नव्या सवयीनं.' आणि तिच्यापुढे धरलं.

तिनं ते वाचलं. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले.

"हे अर्धवट आहे, मामा," ती म्हणाली. "मी स्वतःहून लावला नाही. तू बोललास तेव्हा लावला. तेही लिही."

मामांनी तेही लिहिलं.

मालक धावत आला. हातात फुलांचा गुच्छ होता, चेहरा लग्नघरातल्यासारखा. "या या! चावी?"

"चावी थोड्या वेळानं," मामा दार ओढून घेत म्हणाले. "आमच्या भाचीला अजून दहा वेळा उतरवायचंय."

आणि दहा वेळा म्हणजे दहा वेळा. गुच्छ हातात धरून मालक ऊन खात उभा राहिला. पहिल्या फेरीला हजार फुटांवर भाचीबाईनं पंप बंद केला, बोट बटणावर ठेवलं, डोळे काट्यावर लावले, आणि दोघांनी मिळून मोठ्यानं मोजायला सुरुवात केली.